चौतीस इंचांचा हिशेब

रेडिओवर रंगांविषयी बोलण्यात एक सोय असते. मी ‘मोरपिशी’ म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे तुमचा मोरपिशी येतो. कुणाचा आईच्या लुगड्याचा, कुणाचा वहीत जपलेल्या पिसाचा. त्यावरून तुमचं-माझं भांडण होत नाही. भांडण होतं ते पडद्यावर. तिथं रंग दिसतो, आणि दिसतो म्हणून तो खरा आहे असं आपण धरून चालतो.

आमच्या घरी कॉम्प्युटरचा नवा, रुंद मॉनिटर घ्यायचा बेत दोन महिने चालला होता. माझी मुलगी लग्नांचे फोटो काढते. तुळशीचं लग्न लागलं की तिची धावपळ सुरू होते. आज कोथरूडला हळद, परवा कॅम्पात निकाह, रविवारी हडपसरला रिसेप्शन. फोटो निवडणं, सुधारणं, अल्बम जुळवणं हे सगळं काम ती कोंढव्यातल्या आमच्या घरी बसून करते. धाकटा इंजिनिअरिंगला आहे आणि गेम खेळतो. दोघांना पडदा हवा होता, टेबल एकच होतं आणि रक्कमही एकच : पस्तीस हजार. त्यातले पंचवीस मुलीच्या कमाईचे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता करतो. पण उरलेले दहा माझे असल्यामुळे बैठकीत मलाही एक मत होतं.

मुलीची निकड खरी होती. मागच्या हंगामात एका लग्नाचा अल्बम छापून आला आणि उघडून बघतो तर सगळी माणसं संध्याकाळ झाल्यासारखी. मंडपात दुपारचं ऊन होतं, हे मुलीला पक्कं आठवत होतं. नवरीच्या आईने पानं उलटली आणि एवढंच म्हणाली, ‘आमची पोर काही एवढी काळवंडलेली नव्हती हो.’ अल्बम पुन्हा छापावा लागला, मुलीच्या खर्चाने. त्या कामात जे मिळालं होतं त्यातलं निम्मं गेलं.

छापणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर होता. पडदा स्वतःच दिव्यासारखा जळत असला की फोटो फार उजळ वाटतो. मग काम करणारा हात आपोआप तो खाली आणतो, थोडा गडद करतो. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडेल तेवढाच उजेड तो परत देतो. पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. दुकानातून आलेला मॉनिटर बहुधा अडीचशे-तीनशे निटांवर असतो आणि छपाईसाठी फोटो सुधारणारे लोक तो ८० ते १२० निटांच्या आसपास ठेवतात. म्हणजे निम्म्याहूनही खाली. एवढं एक बटण खाली केलं तरी अर्धे अल्बम वाचतील, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पण नुसता उजेड उतरवून भागत नाही, रंगही जागेवर असावा लागतो. आणि इथे फोटोग्राफरच्या पोटाचा आणि थोडा सचोटीचाही प्रश्न येतो. मुलीकडे येणाऱ्या दहा घरांतली सहा-सात हळूच सांगतात, ‘थोडी गोरी करा.’ ती करत नाही. निदान ओळखू येणार नाही इतकी तर नाहीच. सावळा चेहरा सावळाच ठेवून सुंदर दिसावा, यासाठी त्यातला तांबूसपणा, पिवळेपणा, गालावरची छाया हे सगळं नेमकं दिसायला हवं. पडदा निळसर असेल, तर ती नकळत चेहऱ्यात पिवळा ओतणार आणि छापल्यावर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसणार. गोरं करणं सोपं असतं, ते कुठल्याही पडद्यावर जमतं. सावळं जपायला चांगला पडदा लागतो.

आता साड्यांकडे या. आपल्या भाषेत रंगांची नावं किती बारकाईने ठेवली आहेत बघा : रामा, चिंतामणी, मोरपिशी, आमसुली, डाळिंबी, अबोली, शेवाळी. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराला रामा मागून चिंतामणी मिळाला तर घरातल्या बायका तिथल्या तिथे परत करतील. कॉम्प्युटरला मात्र ही नावं ठाऊक नाहीत. त्याच्याकडे एक ठरलेली चौकट असते. १९९६ साली एच.पी. आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून ‘एस.आर.जी.बी.’ नावाची चौकट सुचवली. बहुतेक पडदे, कॅमेरे आणि छपाईवाले आजही तीच धरून चालतात. या चौकटीचा एक कोपरा तोकडा आहे, तो हिरव्या-निळ्याच्या मधला. म्हणजे नेमका आपला रामा आणि मोरपिशी जिथे राहतात तो मोहल्ला! १९९८ साली आलेली ‘अडोबी आर.जी.बी.’ ही चौकट त्या बाजूला जास्त पसरते.

मग जास्त पसरलेलीच घ्यावी ना? धाकट्याचं म्हणणं तेच होतं. मुलगी नाही म्हणाली, आणि ती बरोबर होती. तिची लॅब फाइल एस.आर.जी.बी.मध्येच घेते. शिवाय रुंद चौकटीचा पडदा नीट आवरला नाही, तर साधे फोटोही त्यावर भडक दिसतात, चेहरे उन्हात रापल्यासारखे तांबडे होतात. म्हणून आम्ही ठरवलं : एस.आर.जी.बी. पूर्ण शंभर टक्के हवी, आणि मॉनिटरमध्ये त्या नावाचं बटण, म्हणजे मोड हवा. त्यापुढचं मिळालं तर ठीक.

पॅनेलचे प्रकार थोडक्यात सांगतो. जुने स्वस्त ‘टी.एन.’ पॅनेल वेगाला बरं, पण मान थोडी हलवली की रंग बदलतो. फोटोच्या कामाला ते नको. ‘व्ही.ए.’मध्ये काळा रंग खरंच काळा दिसतो, सिनेमा पाहायला मजा येते. पण बाजूने बघितलं की छटा सरकतात आणि अंधाऱ्या दृश्यात वेगाने हलणाऱ्या गोष्टीमागे काजळी फरफटल्यासारखी दिसते. ‘आय.पी.एस.’मध्ये काळा थोडा राखाडी वाटतो, मात्र रंग कुठल्याही बाजूने बघितला तरी जवळपास तोच राहतो. ‘ओलेड’ सगळ्यांत देखणं आणि वेगातही पुढे. पण फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या त्याच त्या जागी तासन्‌तास उभ्या असतात आणि ओलेडवर अशा स्थिर आकृतींचा डाग कायमचा बसू शकतो. किंमतही आमच्या पस्तीस हजारांच्या पलीकडे. आय.पी.एस. ठरलं.

राहिली रुंदी. हा विषय मला स्वतःला आवडला, कारण त्याचा एक धागा पुण्यातून जातो. सिनेमाची चौकट मूळची चारास तीन. म्हणजे चार भाग रुंद, तीन भाग उंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनच्या कारखान्यात ती ठरली आणि पुढे टीव्हीनेही तीच उचलली. टीव्ही घराघरांत पोचला तशी अमेरिकेत थिएटरं ओस पडू लागली आणि सिनेमावाल्यांनी पडदा ताणून रुंद केला. १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ सालचा, ‘कागज के फूल’. दिग्दर्शक गुरुदत्त, छायालेखक व्ही. के. मूर्ती. हे गुरुदत्त १९४४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नोकरीला लागले होते. प्रभातच्या त्या आवारात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आजही लॉ कॉलेज रोडला उभी आहे. तिच्यावरून जाताना मी धाकट्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘अब्बा, मग मी अल्ट्रावाइड मागतो ते पुण्याला धरूनच आहे.’

टीव्ही आणि मॉनिटरची सोळास नऊ ही चौकट मात्र तडजोडीतून आली आहे. १९८०च्या दशकात केर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने त्या काळी चालू असलेल्या निरनिराळ्या चौकटी सारख्याच क्षेत्रफळाच्या कापल्या आणि एकावर एक, मध्याशी मध्य जुळवून ठेवल्या. सगळ्या ज्याच्यात मावतात असा एक मोठा आयत दिसला आणि सगळ्यांत सामाईक असा एक लहान आयत. दोघांचंही प्रमाण सोळास नऊच्या जवळ! कुणाचंही पूर्ण समाधान न करणारी आणि कुणाचंच फार नुकसान न करणारी चौकट. अशा तडजोडी टिकतात.

दुकानात मात्र चौकट कुणी सांगत नाही, इंच सांगतात. हा इंच कर्णाचा असतो, आणि कर्ण फसवा. वीस इंची जुना चारास तीनचा पडदा १६ इंच रुंद, १२ इंच उंच : १९२ चौरस इंच. तोच वीस इंची सोळास नऊचा घेतला तर १७१ चौरस इंच. आणि एकवीसास नऊचा, ज्याला अल्ट्रावाइड म्हणतात, तो घेतला तर साधारण १४२. कर्ण तोच, पडदा लांबट होत गेला तसा कमी कमी भरत गेला. म्हणून २९ इंची अल्ट्रावाइड बघून हुरळू नका. त्याची उंची साध्या २३ इंची मॉनिटरएवढीच असते.

आमची खरी तुलना होती ती २७ इंची साधा आणि ३४ इंची अल्ट्रावाइड यांच्यात. या दोघांची उंची जवळपास सारखीच, तेरा इंचांच्या आसपास. रुंदी मात्र पहिल्याची साडेतेवीस आणि दुसऱ्याची सव्वाएकतीस-साडेएकतीस इंच. मला वाटलं होतं, जास्तीची रुंदी धाकट्याच्या खेळासाठी आणि उंची मुलीच्या कामासाठी. म्हणजे तिने २७ इंच मागावा. झालं उलटंच. लग्नाचा अल्बम हल्ली १२ बाय ३६ इंचांच्या जोडपानांचा असतो. एकास तीन! २७ इंची पडद्यावर हे जोडपान खऱ्या आकाराच्या पासष्ट टक्के दिसतं, वरखाली पडदा नुसता मोकळा राहतो. चौतीस इंचीवर ते सत्त्याऐंशी टक्के, म्हणजे जवळपास प्रत्यक्ष अल्बम मांडीवर घेतल्यासारखं. कोपऱ्यातल्या आजीचा चेहरा किती लहान झालाय, घडीच्या रेघेवर नवरदेवाचं नाक येतंय का, हे छापण्याआधी कळतं. रुंद पडद्याचं खरं गिऱ्हाईक खेळणारा नव्हे, अल्बम करणारी निघाली.

उलट खेळणाऱ्याच्या अडचणी वाढल्या. साध्या फुल एच.डी. पडद्यावर वीस लाख ठिपके असतात. चौतीस इंचीवर ३४४० बाय १४४०, म्हणजे साडेएकोणपन्नास लाख. जवळपास अडीचपट ठिपके दर क्षणाला रंगवायचे, तर आतलं ग्राफिक्स कार्डही तेवढं दमाचं हवं. नाही तर रुंद रस्त्यावर रिक्षा पळवल्यासारखं होतं. दुसरं म्हणजे ‘व्हॅलोरंट’सारखा चुरशीचा गेम रुंद पडद्यावर जास्तीचं दृश्य दाखवतच नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. एकाला जास्त दिसावं आणि दुसऱ्याला कमी, हा अन्याय नको म्हणून. धाकट्याचा तोंडवळा उतरला, पण नियम न्याय्य आहे हे त्यानेच मला समजावून सांगितलं.

त्याला अनुभव हवा होता तो वेगाचा. साठ हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे सतरा मिलिसेकंद टिकतं. १४४ हर्ट्‌झवर तेच साधारण सात मिलिसेकंद. खोक्यावर छापलेल्या ‘एक मिलिसेकंद’ या आकड्याला मात्र मी भुललो नाही. तो ठिपक्याने रंग बदलण्याचा, आणि तोही कंपनीने निवडलेल्या उत्तम परिस्थितीतला. आमच्या दृष्टीने १४४ हर्ट्‌झ पुरेसा होता, आणि कार्ड कमी-जास्त पळालं तरी चित्र फाटू नये म्हणून मॉनिटरने आपला वेग कार्डाशी जुळवून घ्यायची सोय हवी होती. फ्रीसिंक आणि जी-सिंक ही तिची दोन चलनी नावं.

खेळ म्हटला की मारामारीच असं मी समजत होतो. त्याने मला ‘राजी’ दाखवला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, आणि मागच्या भिंती, झरोके, वेली पहाडी लघुचित्रांच्या धाटणीने रंगवलेल्या. तो गेरू, ती संध्याकाळ मी लॅपटॉपच्या फिकट पडद्यावर पाहिली आणि नंतर दुकानातल्या चांगल्या पडद्यावर. गेमसाठी रंग महत्त्वाचे नसतात असं म्हणणाऱ्याने हे दोन्ही शेजारी ठेवून बघावेत.

रुंद पडदे बहुतेक वक्र असतात. खोक्यावर १५००आर असं लिहिलेलं असतं, म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आकडा जितका लहान तितका बाक जास्त. खेळताना बाक डोळ्यांना बरा वाटतो. फोटोत मात्र मंडपाचा सरळ खांब आणि ग्रुपफोटोतली सरळ रांग वाकलेली वाटू लागते. मुलीने अट घातली, बाक अगदी नावापुरता.

मग टिळक रोडची दुकानं. दुकानात प्रत्येक पडदा नटून उभा असतो, उजेड पूर्ण, रंग भडक, आणि त्यावर एखादा पोपट नाही तर हॉट एअर बलून. पोपट कुठल्याही पडद्यावर चांगलाच दिसतो. आम्ही पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्यात एक पूर्ण काळं चित्र, एक पूर्ण पांढरं, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची राखाडी पट्टी, हळदीचा एक फोटो, आणि तो फसलेल्या अल्बमातला नवरीचा चेहरा. छापलेला, दुरुस्त केलेला फोटोही बरोबर होता, शेजारी धरून बघायला. काळ्या चित्रावर कोपऱ्यातून गळणारा उजेड कळतो आणि पांढऱ्यावर मेलेला ठिपका. राखाडी पट्टीत गुलाबी किंवा हिरवी झाक आली, की तो पडदा चेहऱ्यावरही तेच करणार. हळदीचा पिवळा सगळ्यांत कठीण. साध्या पडद्यावर तो सपाट डाग होतो. चांगल्यावर ओली हळद आणि वाळलेली हळद वेगळी दिसते. दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच खुर्ची ओढून बसला.

माझी स्वतःची परीक्षा एका फाइलची होती : बारीक टाइपातलं मराठी पान. इंग्रजी अक्षरं कुठल्याही पडद्यावर तग धरतात. देवनागरीला वर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, ऋकार. २४ इंची फुल एच.डी.वर इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात आणि बारीक टाइपात ‘र्कीं’सारखं अक्षर म्हणजे डोक्यावरचा गुंता होतो. चौतीस इंचीवर इंचाला एकशेदहा. फरक दिसतो. फोर-के असलेल्या सत्तावीस इंचीवर १६३ ठिपके पडतात आणि अक्षर छापल्यासारखं येतं, पण तो घरातल्या दोघांच्याही गरजेत बसत नव्हता आणि माझे दहाच हजार होते.

कराचाही एक मुद्दा आहे. २०१९च्या जानेवारीपासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जी.एस.टी. अठरा टक्के आणि त्यापुढच्यावर अठ्ठावीस टक्के होता. दोन इंचांसाठी दहा टक्के! २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरलाही अठराच टक्के लागू झाले. आमचा चौतीस इंची बसला तो यामुळेच. त्यातूनही घासाघीस करून रक्कम उरवली, कारण रंग मोजणारं छोटं यंत्र, कॅलिब्रेटर, भाड्याने आणायचं होतं. ते पडद्यावर टेकवून ठेवतात, ते एकेक रंग बघतं आणि मॉनिटर कुठे चुकतो ते कॉम्प्युटरला सांगतं. महागड्या पडद्यावर न मोजता काम करण्यापेक्षा मध्यम पडदा मोजून घ्यावा, असं मुलगी म्हणते. पडदा वयाबरोबर बदलतो म्हणून हे काम दर हंगामाआधी एकदा करायचं.

घरी आल्यावर टेबल सरकवावं लागलं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट पडद्यावर यायचं. मागची भिंत आमच्या बेगमसाहेबांच्या पसंतीची पिस्ता रंगाची. पिस्त्यासमोर बसून चेहऱ्याचा रंग ठरवला तर डोळा उलट्या दिशेने, तांबड्याकडे चुकतो. तेवढ्या भागाला फिका राखाडी रंग मारायचा प्रस्ताव तीन दिवस स्वयंपाकघरात अडकून होता. शेवटी राखाडी चादर टांगायची परवानगी मिळाली.

सध्याची व्यवस्था अशी : रात्री दहापर्यंत पडदा मुलीचा, नंतर धाकट्याचा. तो खेळताना उजेड वाढवतो, मोड बदलतो, आणि उठताना मोड परत एस.आर.जी.बी.वर आणि उजेड शंभर निटांवर आणून ठेवायचा, असा करार आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरला. आता मुलगी सकाळी बसली की आधी तो नवरीचा फोटो उघडते, छापलेला कागद शेजारी धरते, आणि मगच कामाला लागते.